जिन्याचा दोष

घड्याळजीच्या फुप्फुसातल्या गाठीपुढे दोन औषधं हरली होती. उरलं होतं तिसरं, प्रतिकारशक्तीला उठवून कामाला लावणारं. पण ते मिळायला रक्तातलं एलडीएच नावाचं एन्झाइम ठरल्या रेषेच्या खाली हवं. ते वर गेलं की शरीराचे पहारेकरी ढिले पडतात, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. घड्याळजीला नवल वाटलं नाही. त्याने आजवर पाहिलेले पहारेकरी तसेच होते.

पहिल्या तपासणीत ते वर निघालं. बायकोने बाईंना धारेवर धरलं. "लिफ्ट बंद. हे तीन जिने चढून गेले. मी पोचले तर धापा टाकतायत. मग वाढणार नाही तर काय?"

"श्रमाने थोडं वाढतं खरं," बाई म्हणाल्या. "आठवडाभर विश्रांती घ्या. पुन्हा एकदाच बघू."

घड्याळजीने बायकोचं म्हणणं खोडलं नाही. बायको औषधांच्या रांगेत असताना, लिफ्ट बंद म्हणून रक्त घेणारी मुलगी खालीच आली होती. त्याने बाकावर बसल्या बसल्या हात पुढे केला होता. जिने चढला तो नंतर, कागदावर शिक्का घ्यायला. रक्तासाठी माणूस खाली येतो, शिक्का येत नाही.

आठवडाभर बायकोने त्याला कुशीवरसुद्धा स्वतःहून वळू दिलं नाही. मेहुणा म्हणाला, "भावोजी, लग्नात एवढी बडदास्त ठेवली असती तर आमचं दिवाळं निघालं असतं."

दुसऱ्या खेपेला लिफ्ट चालू होती. बायको खाली गाडी लावणाऱ्याशी भांडत राहिली, तो लिफ्टने वर जाऊन निवांत रक्त देऊन बाहेर आला. आकडा काय येणार हे त्याला ठाऊक होतं. बंद पडलेलं घड्याळ घेऊन कुणी आलं की तो आधी विचारायचा, "पडलं होतं का?" हो म्हणताना गिऱ्हाईकाला जरा बरं वाटायचं.

तो एक जिना उतरला आणि कठडा धरून परत चढू लागला. तो वरच्या पायरीवर पोचतो तोच बायको लिफ्टमधून बाहेर आली.

"अहो, लिफ्ट चालू आहे की."

"गर्दी होती."

"रक्त द्यायच्या आधीही असेच चढलात?"

"हो."

निकाल रेषेच्या बराच वर आला. बाईंनी नकारार्थी मान हलवली. बायको घरी येईपर्यंत बोलत होती आणि घरी आल्यावरही थांबली नाही. "सांगून सांगून जीभ झिजली माझी. तुमचा हट्ट नडला."

"नडला खरा," घड्याळजी म्हणाला, आणि पुढचं ऐकायला उशीला नीट टेकून बसला.