माजीच्या पुढे काय?

बाइंडरमामांनी खळीचा ब्रश डब्यात खुपसला आणि तिच्या टेबलावर वाकून विचारलं,

"आज कुठला शब्द, ताई?"

शब्दकोशाच्या त्या कचेरीत ती सगळ्यांत धाकटी संपादक. मामांना इंग्रजीतलं ओ की ठो कळत नसे, पण चौकशी दांडगी! रोज एक शब्द विचारल्याशिवाय त्यांचा चहा घशाखाली उतरत नसे.

"कन्व्हिक्ट. गुन्हा शाबीत होऊन तुरुंगात शिक्षा भोगणारा."

एरवी मामा 'अस्सं' म्हणून शिवणीकडे वळत. आज हलले नाहीत.

"आणि सुटल्यावर?"

प्रश्न चोख होता, आणि तिच्या कार्डावर उत्तर नव्हतं. तिने जाडा कोश ओढला.

"सुटल्यावर एक्स-कन्व्हिक्ट. म्हणजे माजी."

"माजी मंत्र्याला निदान हार तरी घालतात." मामा हसले, पण हसू टिकलं नाही. "आणि दहा वर्षांनी?"

तिने आणखी दोन कोश पालथे घातले.

"माजीच्या पुढे शब्दच नाही, मामा."

"नीट बघा हो. एवढी कपाटं भरलीत."

पुसलेले हात मामांनी पुन्हा पुसले. "मुलगा उद्या सुटतोय. साहेबांना म्हणणार आहे, इथं ठेवून घ्या. घरी शिकवायचो तेव्हा माझी पाठ वळली की पळायचा. तिथं शिकला बाइंडिंग. पळणार कुठं? पण साहेब विचारतील, हा कोण. खोटं बोलायचं नाही मला."

इतकी वर्षं मामांचा मुलगा 'बाहेरगावी' होता.

सुटकेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक साहेबांसमोर उभे राहिले. मामांनी सगळं सांगितलं. कन्व्हिक्टसुद्धा म्हणाले, माजीसुद्धा. मुलगा स्वतःच्या चपलांकडे बघत होता. साहेबांनी त्याने तुरुंगात शिवून आणलेली वही उघडली, पानं ताणली, दोरा नखाने उचकून पाहिला.

"टाका कुणाचा चांगला? तुमचा की याचा?"

मामांनी आजवर कुणाच्या टाक्याला बरं म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं.

"याचा," मामा म्हणाले.

"मग खळ तुम्ही करा. सुई त्याला द्या."

मामांनी सुई मुलाच्या हातात ठेवली. त्या दिवशी चहा निवून गेला, तरी ते शब्द विचारायला आले नाहीत.