विकायची नसलेली नेमपट्टी

एकोणीस वर्षं ब्लागोये विदोसावला एकच प्रश्न विचारत आला, आणि विदोसाव त्याला एकच उत्तर देत आला.

"केवढ्याला?"

"विकायची नाही."

दोघंही सर्बियातल्या क्रागुयेवात्सच्या बंदुकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. दोघांच्या घरांत चार गल्ल्यांचं अंतर. हट्टीपणात एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. भांडणाचं मूळ म्हणाल तर बोटभर लांबीची पोलादी पट्टी. बंदुकीच्या नळीवर उभी राहते, अंगावर अंतराचे आकडे असतात, तिच्या खाचेतून नेम धरायचा. जुन्या बंदुका जमवणारी मंडळी तिला नेमपट्टी म्हणतात आणि तिच्यापायी घरदार विसरतात.

ब्लागोयेकडे कोकिंका होती, त्याच्या पणजोबांच्या काळातली लष्करी बंदूक. अक्रोडाचं लाकूड शाबूत, प्रत्येक भागावर एकच नंबर, ३८१४२. नव्हती ती फक्त नेमपट्टी. पुढे या बंदुकांच्या नळ्या बदलल्या गेल्या तेव्हा जुन्या नेमपट्ट्या मोडीत निघाल्या, त्यामुळे अस्सल पट्टी मिळणं म्हणजे कोंबडीला दात फुटणं. ब्लागोयेने झेमुनचे बाजार पालथे घातले, बल्गेरियात पत्रं पाठवली. बायको म्हणायची, "माझ्यासाठी एवढा फिरला असतास तर मी अजून पंचविशीत असते."

आणि एका वर्षी विदोसावच्या स्लावाला, म्हणजे घराण्याच्या संताच्या दिवशी, भाजलेलं डुक्कर संपल्यावर विदोसावने एक तबक आणलं. तबकात काचेच्या झाकणाखाली नेमपट्टी. संग्राहक मंडळातली सगळी टाळकी टेबलाभोवती बसलेली. विदोसावने बोलायला तोंड उघडलं, तोच ब्लागोये खुर्ची पाडून उभा राहिला.

"अस्सल!" तो ओरडला. "तीस वर्षं तपासनीस होतो मी, मला लांबून कळतं! हल्ली जो तो नक्कल घडवून फसवतो, त्या सगळ्या नेऊन लेपेनित्सा नदीच्या पाण्यात फेकायला हव्यात. पण ही अस्सल! विदोसाव, केवढ्याला?"

विदोसावचं उघडलेलं तोंड क्षणभर तसंच राहिलं. मग तो हळूच म्हणाला, "विकायची नाही. हातात घेऊन बघ तरी."

"माझी होईल तेव्हाच हात लावीन!"

बस्स. ठिणगी पडली. स्लावाला बोलावणं लागत नाही, आणि गेलं नाही तर वैर जाहीर होतं. म्हणून ब्लागोये दरवर्षी जायचा, पोटभर जेवायचा, किंमत विचारायचा, तेच उत्तर ऐकून फणकाऱ्याने घरी यायचा. एरवी विदोसाव रस्त्यात समोर आला की दुकानाच्या पाट्या वाचायचा. माणूस वाईट नव्हता हो. पण एखादी गोष्ट हवी म्हणजे इतकी हवी, की शेवटी समोरचा माणूस दिसेनासाच होतो.

या ऑक्टोबरात विदोसाव गेला. अंगणातली आलुबुखाराची पानं झाडता झाडता बसला, तो उठलाच नाही.

दफनभूमीतल्या छोट्या प्रार्थनाघरात शवपेटी उघडी ठेवली होती. लोक मेणबत्त्या लावत होते, मृतासाठी शिजवलेला गोड गहू चमच्याने खात होते. विदोसावच्या उशाशी त्याचा चष्मा, सिगारेटचं पाकीट आणि कंगवा ठेवला होता. ब्लागोये भिंतीशी उभा राहिला. त्याला खरोखर वाईट वाटत होतं, आणि त्याच वेळी मनात येत होतं, आता ती पट्टी कुणाकडे जाणार? या विचाराची त्याला लाज वाटली, पण विचार काही हटेना.

तेवढ्यात विदोसावची बायको स्तानिका आली आणि तिने त्याला बाजूला घेतलं.

"भाऊजी, एक काम करा. त्यांच्या खिशात ती नेमपट्टी ठेवायचीय, लाडकी होती त्यांची. पण काच फुटली आणि ती त्यांच्याकडच्या दुसऱ्या एका पट्टीत मिसळली. मला मेलीला काय कळतंय? तुम्ही ओळखाल." तिने रुमाल उघडला. "आणि नीट बघा हं. ज्याचं त्याच्याबरोबर गेलं पाहिजे. माझ्या बहिणीच्या गावी एका मयताच्या मनगटावर चुकून मेव्हण्याचं घड्याळ राहिलं, तर घरात महिनाभर कुणाला झोप नाही."

रुमालात दोन पट्ट्या होत्या. एक नंतरच्या काळातली, कुठल्याही बाजारात मिळेल अशी. दुसरी ती. निळसर काळी, देखणी.

ब्लागोयेने दोन्ही तळहातावर घेतल्या. स्तानिकाला फरक कळणार नव्हता. दुसऱ्या कुणालाही कळणार नव्हता. साधी पट्टी खिशात सरकवायची आणि ती दुसरी मुठीत ठेवायची, एवढंच. अशी वस्तू मातीत गंजायला घालणं हेच तर पाप, असं त्याने स्वतःला पटवलंसुद्धा. साधी पट्टी त्याने चिमटीत धरली.

मग सवयीने त्याचा अंगठा त्या दुसरीच्या पाठीवरून फिरला. कडा फार धारदार लागल्या. शंभर-सव्वाशे वर्षं वापरलेल्या पोलादाची कड अशी नसते. त्याने ती खिडकीच्या उजेडात उलटी केली.

पाठीवर तीन टिंबं होती. कारखान्यातला हत्यारं घडवणारा प्रत्येक कारागीर आपल्या कामावर स्वतःची खूण ठोकतो, आणि तीन टिंबं ही विदोसावची खूण. टिंबांच्या शेजारी नंबर होता. ३८१४२.

ब्लागोयेने आकडे पुन्हा वाचले. त्याच्या बंदुकीचेच.

ती नक्कल होती. त्याच्या बंदुकीसाठी घडवलेली. ते तबक एकोणीस वर्षांपूर्वी त्याच्याचसाठी आलं होतं.

"काय झालं भाऊजी? ओळखली ना?"

मंडळाचा अध्यक्ष ग्वोझ्देन जवळ सरकला. "बाई, अस्सल वस्तू पुरताय? अरे ब्लागोये, काहीतरी बोल!"

'हीच ती' म्हणालं की सगळं झाकलं जाणार होतं. विदोसावचं नाव राहिलं असतं, तपासनिसाचंही राहिलं असतं. पण पट्टी मातीत गेली असती, दुसऱ्याची वस्तू खिशात घेऊन विदोसाव गेला असता, आणि तो ज्याच्यासाठी राबला त्याने ती दुसऱ्यांदा नाकारली असती.

"वहिनी, ही त्याची नाही," ब्लागोये म्हणाला. "ही माझी आहे. त्याने स्वतः घडवलीय, माझ्या बंदुकीसाठी. मागे नंबर आहे."

"नक्कल?" ग्वोझ्देनचे डोळे विस्फारले. "तूच नाही का म्हणालास अस्सल? एकोणीस वर्षं आम्ही त्या काचेपुढे टोप्या काढल्या!"

"मीच म्हणालो. गाढव मी. तो सांगायला उठला होता, मी त्याला बोलू दिलं नाही. हसायचं तर मला हसा."

मागे कुणीतरी खुसखुसलंच. ब्लागोयेने मान खाली घातली.

स्तानिकाने पट्टी हातात घेऊन उलटसुलट बघितली. "तरीच," ती म्हणाली. "त्या स्लावाआधी अख्खा हिवाळा कानस घेऊन बसले होते. विचारलं तर म्हणाले, गप्प बस, भेट आहे." तिने ती ब्लागोयेच्या हातात ठेवली आणि त्याची बोटं मिटली. "दर स्लावाला बाहेर काढायचे. म्हणायचे, आज तो उचलून बघेल. तुम्ही किंमत विचारलीत भाऊजी, दरवर्षी विचारलीत. मागितली एकदाही नाहीत."

ब्लागोये पट्टी मुठीत धरून वळला. तो शवपेटीजवळ गेला, वाकला आणि त्याने विदोसावच्या थंड कपाळावर ओठ टेकवले.

"दे," तो म्हणाला.