उशिरा पडलेला खटका

मी एक खटका बोलतोय. भिंतीवरचा, दिवा लावायचा नव्हे. मला शोधायला निघालात तर डोळे फुटतील, पण मी दिसायचा नाही.

माणसाच्या पेशीपेशीत एक लांबच लांब धागा गुंडाळून ठेवलेला असतो. त्यावर जनुकं असतात, म्हणजे शरीर घडवायच्या कृती. मी कृती नाही. मी तिच्या अलीकडे बसलेला. ती कधी वाचायची, कुठे वाचायची आणि कधी थांबायचं, एवढंच माझ्या हातात. काम काडीचं, पण चुकलं की घर हवालदिल.

सध्या मी सात महिन्यांच्या एका मुलीत राहतो. तिची आई सासूच्या बेकरीत पाव करते. शिकलेली आहे, आणि शिकलेल्या माणसाला काळजी करायला जास्त कारणं सापडतात, तशी तिला सापडतात. मुलीच्या छातीला कान लावून बसते, आणि पुष्कळदा स्वतःचेच ठोके ऐकून घाबरते.

हृदय आधी नुसती नळी असतं. ती वळते, फुगते, आणि मग तिच्या तळातून मधोमध एक भिंत वर चढू लागते. चढते म्हणजे पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार होत जातात. पेशीत हिंडणारे काही रेणू माझ्यावर येऊन बसले की मी उघडतो आणि पेशींना हुकूम जातो, वाढा. मी मिटलो की, पुरे. पीठ फुगवण्यासारखंच आहे. कमी वेळ दिला तर पाव दडस, जास्त दिला तर बसका.

या मुलीत मी उशिरा उघडलो. फार नाही, दोनेक दिवस. माझं एक टोक पिढ्यांपासून जरा वेगळं आहे. त्यावर रेणू कधी नीट बसतात, कधी घसरतात. मुलीच्या बापातही मी होतो, तिथे मात्र वेळेवर उघडलो. का, ते मलाही सांगता येणार नाही. इथे भिंत चढली, पण माथ्याशी एक भोक राहून गेलं. आईला तेव्हा दिवस गेल्याचा नुसता संशय होता.

गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवलं. "इथे छोटं भोक दिसतंय. पुष्कळदा आपोआप बुजतं. लक्ष ठेवू." आईला पुढची दोन वाक्यं ऐकूच आली नाहीत.

त्यांच्या बेकरीत एक पद्धत आहे. प्रत्येक भट्टीची चिठ्ठी ठेवायची. पीठ कुठलं, पाणी किती, किती वेळ फुगवलं, आणि शेवटचा रकाना, हात, म्हणजे काम कुणी केलं. पाव बिघडला की चिठ्ठी काढायची, हात सापडतोच. "चिठ्ठी खोटं बोलत नाही," हे सासूबाईंचं वाक्य.

तर आईने एक कोरी चिठ्ठी घेतली आणि गरोदरपणाच्या पहिल्या आठवड्यांचा माग काढत बसली. काय खाल्लं, कधी पाय घसरला, कुणावर चिडली. शेवटी तिला हवं होतं ते सापडलं. मंगळवार. मैद्याचं पोतं, पंचवीस किलो, कोठीपासून परातीपर्यंत एकटीने. हात: मी.

मी आतून ओरडत होतो की बाई, पोत्याचा काही संबंध नाही. खटक्याला घसा असता तर.

चिठ्ठी सासूबाईंच्या हाती पडली. "तरी मी म्हणत होते, पोतं उचलायचं तर हाक मार."

"आई, तेव्हा मलाच कुठे नक्की माहीत होतं?"

"माहीत नव्हतं म्हणून करपलेला पाव कुणी घेतं का?"

मुलगी जन्मली. दूध पिताना दमायची, घामाघूम व्हायची. सासूबाई फक्त पोत्याकडे बघायच्या. आईने पोत्यांच्या कोठीत जाणंच सोडलं.

तीन महिन्यांच्या तपासणीला दोघी मिळून गेल्या. डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाच्या हृदयाचं काही?"

"आमच्याकडे नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "मी तीस वर्षं पोती वाहिलीत. कधी शिंकसुद्धा नाही."

"मग बसा इथे. ऐकू तर द्या."

स्टेथोस्कोपची चकती सासूबाईंच्या छातीवर एकदा फिरली. पुन्हा फिरली. एकाच जागी थांबली. त्या चकतीखालीही मीच होतो, पासष्ट वर्षं जुना, तेव्हाही उशिरा उघडलेला.

"आजी, तुमच्यातही तसाच आवाज आहे. बारीक भोक असावं, जन्मापासूनचं. सोनोग्राफी करून बघू. असं कधी कधी घराण्यातून येतं. पोतं उचलून नाही येत."

परतीच्या वाटेवर आईला हायसं वाटलं, आणि वाटल्याची लाज वाटली. बेकरीत शिरताच सासूबाईंनी डब्यामागून ती चिठ्ठी काढली, 'मी' खोडलं, खाली लिहिलं, 'सासू'. मग पीठ मळायला बसल्या. नेहमीपेक्षा जोरात.

"आई, असू द्या."

"चिठ्ठी खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या, पण मान वर केली नाही.

आता मी मिटून पडलोय. भिंतीचं माझं काम संपलं. भोक थोडं लहान झालंय, बुजलेलं नाही. गुरुवारी पुन्हा तपासणी आहे. बुजेल का, ते मला ठाऊक नाही. मला कधीच काही आधी कळत नाही.

एक मात्र ठाऊक आहे. या मुलीच्या पोटात पुढची बीजं जन्मापासूनच तयार आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांत मी उतरणार. उद्या कुठल्या तरी आईला पडद्यावर पुन्हा तसंच बोट दिसेल, आणि ती चिठ्ठी शोधू लागेल.

तिला एवढंच सांगा, शेवटचा रकाना कोरा ठेव. नाहीच राहवलं, तर तिथे माझं नाव लिही. मला नाव नाही. पण मळायला बसून मान खाली घालायची वेळ निदान माझ्यावर तरी येत नाही.