रिफअतसाहेबांचा बिनतारी कंट्रोलर

मुलगी मागायला जाताना काय न्यायचं हे सीदी बिश्रच्या वस्तीत ठरलेलं आहे. केकचा मोठा खोका, फुलं, आई आणि इस्त्री केलेला चेहरा. हातिमने यातलं काहीही विसरलं नव्हतं. लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद होती, म्हणून तो खोका दोन्ही हातांवर तोलत जिना चढत होता आणि मागून त्याची आई सुहैर धापा टाकत उपदेश करत होती.

"त्या घरात 'नाही' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. काय विचारलं तरी हो म्हणायचं. मागच्या मुलाचं काय झालं, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. मागचा मुलगा दंतवैद्य होता. पहिल्याच भेटीत त्याने सरबताचा घोट घेऊन सांगितलं की तुमच्या दिवाणखान्याच्या भिंतीला ओल आली आहे. ओल खरोखरच आली होती आणि अजूनही आहे. दंतवैद्याला मात्र त्या घरात पुन्हा कोणी बोलावलं नाही.

हातिमला बोलावणं हवं होतं. शहराच्या गटारांचे नकाशे ज्या ऑफिसात ठेवतात तिथे तो आणि इनास समोरासमोरच्या टेबलांवर बसत. इनास चुकीला चूक म्हणायची आणि वर हसायची, आणि एवढ्यावरच हातिम कामातून गेला होता. तिच्याशिवाय आपलं काही खरं नाही, हे त्याने स्वतःशी कबूल केलं होतं. आता ते तिच्या वडिलांच्या गळी उतरवायचं बाकी होतं.

तिचे वडील रिफअतसाहेब सरकारी खात्यातून संचालक म्हणून निवृत्त झाले होते, पण ते खात्याला कळलं होतं, त्यांना अजून कळलं नव्हतं. बसा म्हणाले तरी ते सही-शिक्का मारून बसवल्यासारखं वाटे. त्यांनी हातिमला सोनेरी पायांच्या खुर्चीवर बसवलं. खुर्चीवरचं प्लॅस्टिक त्याच दिवशी सकाळी काढलं असावं, कारण ती अजून घरात पाहुणी असल्यासारखी करकरत होती.

"बाशमुहंदिस हातिम," रिफअतसाहेब इंजिनीयरला मारायची मानाची हाक मारत म्हणाले, "आमच्या घरात सगळ्यांत आधी माणूस बघतात. पैसा नंतर."

"अल्ला तुम्हाला उदंड आयुष्य देवो, अम्मो."

"अगदी सुरुवातीपासूनच सगळं बघतात," कोपऱ्यातून आवाज आला. तो इनासचा मामा, फिक्री. फिक्रीला कोणत्याही विषयातलं सगळं येत असे आणि ज्या विषयातलं येत नसे तो विषय त्याच्या मते बंद करायला हवा होता. बहिणीने, म्हणजे इनासच्या आईने, नग्वाने, त्याच्यापुढे केकचा मोठा तुकडा ठेवला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय करणार.

इनास सरबताचा ट्रे घेऊन आली. जवळजवळ रोज आठ तास समोर बसणाऱ्या या मुलीकडे हातिमने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिल्यासारखं पाहिलं, कारण तसं पाहायचं असतं. तिनेही मान खाली घातली, कारण तशी घालायची असते. दोन्ही आयांना बरं वाटलं.

ग्लास रिकामे झाले तसा रिफअतसाहेबांनी घसा साफ केला. हातिमने पाठ ताठ केली. आता पगार विचारणार, मग अजमीला घेतलेला फ्लॅट, मग नियत.

"एक किरकोळ काम आहे तुझ्याकडे," ते म्हणाले आणि त्यांनी टीपॉयवरच्या जाळीदार रुमालाखालून एक नवा कोरा काळा कंट्रोलर काढला. "हा कॉम्प्युटरला जोडून दे. बिनतारी आहे. ब्लूटूथ."

निवृत्तीनंतर रिफअतसाहेबांना एकच नाद लागला होता. दर शुक्रवारी ते कॉम्प्युटरशी फुटबॉल खेळत आणि दर शुक्रवारी हरत. संचालक राहिलेला माणूस हरला तर दोष हाताखालच्यांचा असतो, आणि इथे हाताखाली फक्त जुन्या कंट्रोलरची वायर होती. वायर आखडते म्हणून पास चुकतात, असा त्यांनी अहवाल दिला होता. मागच्या पराभवानंतर त्यांनी ती वायर मुळासकट उपटून टाकली.

"अम्मो, मी खरं तर गटारांचा..." हातिम सुरुवात करतो तोच आईची टाच त्याच्या बुटावर आली.

"इंजिनीयर तो इंजिनीयर," रिफअतसाहेब म्हणाले. "डॉक्टर काय नुसता डाव्या गुडघ्याचा असतो?"

"हो म्हणजे, करतो की," हातिम म्हणाला.

दिवाणखान्याच्या टोकाला कॉम्प्युटर होता, त्याला केवढा तरी मोठा पडदा लावलेला. हा डबा फिक्रीने कुणा मित्राकडून आणला होता. मित्राने कुणाकडून आणला हे विचारायची पद्धत नव्हती. हातिम स्टुलावर बसला आणि सगळं घर त्याच्या मागे येऊन उभं राहिलं.

त्याने कंट्रोलरवरचं बारीक बटण दाबून धरलं. लाइट लुकलुकायला लागला. कौतुकाची कुजबुज झाली.

"बघा, जिवंत झाला," फिक्री म्हणाला. "आता जवळ धर. ब्लूटूथला जवळीक लागते."

हातिमने कॉम्प्युटरची सेटिंग उघडली. वायफाय होतं, प्रिंटर होता, माउसपासून कीबोर्डपर्यंत सगळं होतं. ब्लूटूथ नव्हतं. बंद असेल म्हणून त्याने आणखी आत जाऊन पाहिलं. बंद असायला मुळात असावं लागतं. त्या डब्यात ब्लूटूथ कधी बसवलंच नव्हतं. कंट्रोलर बिचारा लुकलुकत हाका मारत होता आणि ऐकणारा कान त्या घरात नव्हता.

औषध सोपं होतं. बोटाच्या पेराएवढं एक यंत्र बाजारात मिळतं, ते कॉम्प्युटरच्या मागे खोचलं की झालं. हातिमला एवढंच सांगायचं होतं.

"अम्मो, याला बाहेरून एक छोटंसं यंत्र लावावं लागेल."

"कशाला?" फिक्रीने काटा बशीत ठेवला.

"म्हणजे, या कॉम्प्युटरमध्ये ब्लूटूथ..."

"या कॉम्प्युटरमध्ये सगळं आहे. मी स्वतः विचारून घेतलंय. जर्मनीहून आलेला माल आहे. म्हणजे तुझं म्हणणं, मी रिफअतभाईंच्या गळ्यात खोटा माल मारला?"

"तसं नाही, खालो."

"मग कसं?"

रिफअतसाहेबांच्या भुवया हळूहळू जवळ येत होत्या. दंतवैद्याच्या वेळीही त्या अशाच आल्या असणार. भिंतीवरची ओल हातिमला तिथून स्वच्छ दिसत होती. त्याने इनासकडे पाहिलं. ऑफिसात त्याच्या नकाशातली उताराची चूक सगळ्यांदेखत दाखवणारी इनास, तिने इकडे तिकडे बघून मान अगदी थोडी हलवली. बोलू नकोस.

"लेकरू थकलंय," सुहैर घाईने म्हणाली. "रस्त्यात केवढी गर्दी होती."

"फिक्री, केक घे अजून," नग्वा म्हणाली.

हातिमला स्वतःचा राग आला. खरं तर सगळ्यांचाच आला. एका पेराएवढ्या यंत्रावरून आपलं लग्न अडावं आणि तेही सांगता येऊ नये. पण राग घेऊन तो जिना उतरला असता आणि इनास वरच राहिली असती.

"खोट कसली, खालो," तो म्हणाला. "उत्तम माल आहे. मी नुसता तपासत होतो."

आणि वेळ काढायला त्याने कीबोर्डवरून खेळ उघडला. कोण कोणाकडून खेळणार असं पडद्यावर विचारलं गेलं, तिथे निवडायला कंट्रोलरच नव्हता, म्हणून त्याने तसंच पुढे जाऊ दिलं. असं केलं की कॉम्प्युटर दोन्ही संघ स्वतःच खेळवतो. लाल संघ आणि निळा संघ मैदानात आले, शिट्टी झाली आणि लाल खेळाडू चेंडू घेऊन धावत सुटला.

रिफअतसाहेबांनी त्याच्या हातून कंट्रोलर हिसकावून घेतला आणि दोन्ही अंगठ्यांनी बटणं दाबायला सुरुवात केली. लाल खेळाडूने पास दिला.

"लागला," ते म्हणाले. "दिला मी पास."

"लागला," फिक्री म्हणाला. "मी सांगितलं होतं, जवळ धर."

हातिमचं तोंड उघडलं होतं ते त्याने मिटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची असते आणि ही तर त्याने झाकलीही नव्हती, आपोआप झाकली गेली होती.

"लाइट का विझला रे?" रिफअतसाहेबांनी मध्येच विचारलं. हाका मारून दमलेला कंट्रोलर केव्हाच झोपला होता.

"बॅटरी वाचवतो, अम्मो."

"शहाणा आहे. पण मी उजवीकडे दाबतोय आणि हा डावीकडे का पळतोय?"

"उजवीकडे बचाव होता ना," फिक्रीने खुलासा केला. "चांगला माल आहे, तुमच्या मनात काय आहे ते ओळखतो."

हे रिफअतसाहेबांना पटलं. त्यांच्या हाताखालची चांगली माणसं असंच करायची, असं ते म्हणाले. सांगितलं त्याच्या उलट करायची आणि नंतर दिसायचं की हेच बरोबर होतं. मग ते पुन्हा बटणांवर तुटून पडले. कपाळावर घाम आला. नग्वाने तो रुमालाने टिपला आणि ती पुन्हा आपल्या जागी गेली.

आणि लाल संघाने गोल केला.

रिफअतसाहेबांनी कंट्रोलर काखेत मारला. मग ते उठले, त्यांनी हातिमला स्टुलावरून ओढून छातीशी धरलं आणि दोन्ही गालांचे मुके घेतले. त्यांचे डोळे पाणावले होते. सोंग नव्हतं ते. एवढ्या शुक्रवारांनंतर या माणसाला खरोखरीचा आनंद झाला होता, आणि हातिमला तो बघून लाज वाटली आणि त्याहून जास्त हायसं वाटलं.

"फिक्री, ऐक," ते म्हणाले. "लोक इथे नोकरी सांगतात, गाडी सांगतात. या मुलाने बोलून दाखवलं नाही, करून दाखवलं. फातिहा वाचू या, म्हणजे बोलणी पक्की."

खेळ थांबवून सगळ्यांनी हात पसरले आणि फातिहा वाचली. नग्वाने आनंदाची अशी किलकारी मारली की समोरच्या इमारतीतून कुणीतरी उत्तर दिलं. इनासने पदराआड तोंड लपवावं तसा ट्रे तोंडापुढे धरला. मिळाली. मुलगी मिळाली होती.

"आता माझा निर्णय," रिफअतसाहेबांनी जाहीर केलं. "लग्न उन्हाळ्यात. राहायचं अजमीला, हातिमने घेतलेल्या फ्लॅटमध्ये. समुद्राच्या जवळ. पुरुषाने घेतलं ते घर. ठरलं."

"तुमच्या शब्दाबाहेर कोण आहे?" नग्वा म्हणाली, आणि आपली खुर्ची सुहैरच्या खुर्चीला भिडवून बसली.

सामना पुढे सुरू झाला. पूर्वार्ध संपला तेव्हा रिफअतसाहेबांनी उदार होऊन कंट्रोलर हातिमच्या हातात दिला. "आता तू खेळ. बघू तुझा हात."

हातिमने कंट्रोलर घेतला. दुसरं काय करणार? तो स्टुलावर बसून बटणं दाबायला लागला, चेहरा होता होईल तेवढा गंभीर ठेवून. इनास पाण्याचा ग्लास घेऊन त्याच्याजवळ वाकली.

"जोडलेला नाहीये तो," ती ओठ न हलवता म्हणाली.

"माहीत आहे."

"आईलाही माहीत आहे."

त्याचे अंगठे थांबले. "कधीपासून?"

"आणला तेव्हापासून. दुकानदार म्हणाला, छोटं यंत्र लागेल, देऊ का? आई म्हणाली, राहू दे, यांना हातात धरायला मिळाला की पुरे. दाबत राहा ना, बाबा बघतायत."

तो दाबत राहिला. मागून दोन्ही आयांचं हळू आवाजातलं बोलणं येत होतं. उन्हाळ्यात फार उकाडा, ईदनंतर बरं. हो ना, ईदनंतरच. अजमी म्हणजे दूर, आणि समुद्राची हवा हाडांना वाईट. वरच्या मजल्यावरचे लोक या महिन्यात जाताहेत. तीन खोल्या आणि स्वयंपाकघराला ऊन. पडदे मी देते. मग भांडी माझी.

हातिमला हे थांबवायला हवं होतं. अजमीचा फ्लॅट त्याने स्वतः शोधला होता, त्याच्या गच्चीतून समुद्र दिसत होता, आणि सासरच्या डोक्यावर राहणार नाही हे त्याने इनासलाही सांगितलं होतं. तो वळणार तेवढ्यात एका लाल खेळाडूने दोघांना चकवलं.

"मार," रिफअतसाहेब ओरडले.

हातिमने मारला. म्हणजे त्याने बटण दाबलं, आणि खेळाडूने त्याच क्षणी कोपऱ्यातून असा वळवून फटका मारला की गोलरक्षक बघत राहिला. हातिम स्टुलावरून उडाला. दोन्ही हात वर गेले, त्यातल्या एकात कंट्रोलर होता.

"बघितलंत अम्मो? मुद्दाम थांबलो होतो, त्याला पुढे येऊ दिलं आणि मग मारला."

"बघितलं," रिफअतसाहेब अभिमानाने म्हणाले. "हात आहे तुला."

"हातिम, बेटा," नग्वाने मागून हाक मारली, "वरचा मजला चालेल ना तुला?"

"हो, तांत, चालेल," हातिम पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

"ऐकलंत?" नग्वा नवऱ्याला म्हणाली. "हातिमने ठरवलंय. अजमी नको. दोघं इथेच वर राहणार."

"पुरुषाने ठरवलं की ठरलं," रिफअतसाहेब म्हणाले. "मग आपण मध्ये बोलायचं नाही."

हातिमला काहीतरी म्हणायचं होतं, पण लाल संघाला कॉर्नर मिळाला होता आणि तो त्यालाच मारायचा होता.