बरोबर दिलेलं पाणी

ताई आणि उपदेशक भाऊजी मुलीला परत सोडायला आले, तेव्हा शिंपिणीने मशीनवरचा पाय काढला नाही. नऊ वर्षांपूर्वी, पोटी मूल नाही म्हणून, ह्यांनीच तिची तान्ही लेक पदर पसरून मागून नेली होती. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी ताईला मुलगा झाला होता.

“देव दिलेला शब्द पाळतो,” भाऊजी ऐसपैस बसत म्हणाले. “ज्यूंच्या जुन्या शास्त्रातल्या त्या म्हाताऱ्याला ताऱ्यांएवढी संतती देईन म्हणाला, आणि शंभराव्या वर्षी मुलगा दिला. विश्वास हवा.”

“मग नऊ वर्षं माझी लेक काय होती? देवाला उशीर होतोय तोवर तोंडी लावायला?”

“घरात जागा कुठे आहे?” ताई पुटपुटली. “वाटेत लागेल ते दिलंय तिला.”

शिंपिणीने लेकीची पिशवी उघडली. वरच पाव होता आणि पाण्याची बाटली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“भाऊजी, मुलगा झाल्यावर त्याच म्हाताऱ्याने दासीला आणि तिच्यापासून आधी झालेल्या आपल्याच लेकराला रानात हाकललं. बरोबर काय दिलं होतं?”

भाऊजींना अख्खं शास्त्र तोंडपाठ होतं, पण त्यांनी पिशवी मिटायला हात पुढे केला. उत्तर लेकीने दिलं. पाठांतर त्यांनीच करून घेतलं होतं.

“भाकर आणि पाणी,” ती भिंतीकडे बघत म्हणाली. “पाणी संपलं. मग लेकरू रडलं, आणि देव त्या लेकराकडे गेला.”

“ऐकलंत ना, कुणाकडे गेला ते,” शिंपीण म्हणाली. “निघा आता.”