धबधब्याची पाहणी

हिम्मतरावांच्या तोंडून "चला की तुम्हीबी" हे ऐकलं नाही असा माणूस अख्ख्या मलकपेठेत सापडायचा नाही. लग्नाला निघाले, चला की. बाजारात निघाले, चला की. एकदा दाढ काढायला निघाले होते, तर शेजारच्या दोघांना रिक्षात घालून घेऊन गेले. येताना गाल सुजलेला, बोलता येईना, तरी त्या दोघांना हाताच्या खुणेनं "चहा घेऊन जा" म्हणत घरात आणलंच. माणूस मनानं सोन्यासारखा, त्यात वाद नाही. पण चांगुलपणाचाही वीट येतो हो, आणि बायकोला तो जरा लवकर येतो.

पद्मावतीबाईंच्या लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती. इतक्या वर्षांत त्या नवऱ्याबरोबर कुठं कुठं हिंडल्या, पण दोघंच अशी कधी गेली नाहीत. लग्नानंतर तिरुपतीला गेली ती सासू, सासरे, दोन नणंदा आणि गाडीत ओळख झालेलं एक गुंटूरचं कुटुंब यांच्यासकट. त्या प्रवासात नवऱ्याशी त्यांचं जे काही बोलणं झालं, ते चपला कुणी सांभाळायच्या याबद्दल.

तर गणपती उठले आणि सुनेनं, रेणूनं, त्यांना मोबाइलवर एक धबधबा दाखवला. शहराच्या बाहेर दीड-दोन तासांवर एक खेडं, तिथं गाडी सोडायची, बांधाबांधानं थोडं चालायचं, की पुढं कातळावरून पाण्याची धार पडत असलेली. भज्यांची गाडी नाही, स्पीकर नाही, माणूस नाही. पद्मावतीबाईंनी तो व्हिडिओ परत परत लावायला सांगितला. संध्याकाळी नवरा चहा पीत असताना त्या म्हणाल्या, "रविवारी मला इथं जायचंय. आपण दोघंच."

"हौ, दोघंच जाऊ."

"दोघंच म्हणजे तुम्ही आणि मी."

"एवढं मला समजत नाही का?" हिम्मतराव हसून म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. मग पिशवी घेऊन कोथिंबीर आणायला गेले.

कोथिंबीर आली. सोबत बातमी आली, की बरकतपुऱ्याचे केशवराव वकील सहकुटुंब येताहेत.

"ते येतो म्हणाले, का तुम्ही चला म्हणालात?"

"समोर भेटले. रविवारी काय करताय म्हणून विचारलं. सांगितल्यावर चला म्हणू नको? बरं दिसतं का ते?"

आता इथली रीत काय आहे, तर एकानं चला म्हणायचं, दुसऱ्यानं नको नको म्हणायचं. पुन्हा चला, पुन्हा नको. मग विषय सोडायचा आणि दोघांनी आपापल्या घरी सुखानं जायचं. सगळ्यांचा मान राहतो आणि कुणालाच कुठं जावं लागत नाही. पण हिम्मतराव आग्रहाच्या घरात वाढलेले. त्यांच्या गावाकडे पाहुणा ताटावरून उठला तर त्याचं मनगट धरून बसवायचे. दुसऱ्या नकाराला थांबायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. ते समोरच्याचा हात हातात घेत, डोळ्यात बघत, "नाही म्हणू नका, मला वाईट वाटेल" म्हणत. एवढं झाल्यावर नाही म्हणायला माणूस फार निर्दय लागतो.

बुधवारपर्यंत समोरच्या तेलुगू शेजारीण सत्यवतीगारू त्यांच्या बहिणीसह यादीत आल्या. रेसकोर्सच्या कडेनं सकाळी फिरणारी सगळी मंडळी आली. गाडीच्या जागी मिनीबस ठरली. मोबाइलवर ग्रुप निघाला. बगारा भात आणि मिरचीचं सालन धबधब्यापाशीच शिजवायचं ठरलं, म्हणून सिलिंडर आला, आचारी आला, आणि आचाऱ्याचा मेहुणा गातो म्हणून माइक आला. हिम्मतराव दिवसभर फोनवर. इतके खूश, की त्यांना जेवायचीही शुद्ध नव्हती.

पद्मावतीबाई स्वयंपाकघरात चिंच कोळत बसल्या आणि त्यांना रडू आलं. एवढंसं मागितलं होतं. साडी नाही, दागिना नाही, एक सकाळ मागितली होती. तेवढ्यात हिम्मतराव पाणी प्यायला आत आले. बायकोचे डोळे बघून त्यांचा जीव कळवळला.

"तब्येत बरी नाही का तुझी?" त्यांनी पाठीवर हात ठेवून विचारलं. "उगं ओढाताण करू नको. रविवारी तू आराम कर. आम्ही जाऊन येतो."

पद्मावतीबाईंनी हातातली चिंच करकचून पिळली. तिचा पार चेंदा झाला.

दुसऱ्या दिवशी त्या आबिड्सला चालायचे बूट घ्यायला गेल्या. आराम करायला सांगणाऱ्याच्या नाकावर टिच्चून त्या जाणार होत्या. दुकानात वकिलांच्या सुलभाबाई भेटल्या. एक बूट पायात, एक हातात, आणि तोंड रडवेलं.

"पद्मावतीवहिनी, एक विचारू? रागावू नका. तिथं फार चालायचंय का? माझे गुडघे नुसते बोंबलताहेत. रविवारी आमच्या धाकट्या दिरांकडे जेवण होतं, ते मोडलं. पण तुमच्या ह्यांनी यांचा हात धरला ना. आता नाही म्हटलं तर त्यांना किती लागेल."

"म्हणजे तुम्हाला यायचं नाहीये?"

"कुणाला यायचंय?" सुलभाबाई कळवळून म्हणाल्या. "फिरायच्या मंडळींतल्या बायका कालच मला विचारत होत्या, की पाऊस पडेल का हो रविवारी."

घरी येताना जिन्यात सत्यवतीगारू भेटल्या. त्याही हळूच म्हणाल्या, "मला चढण जमत नाही अम्मा. पण सार फील होतील, वाईट वाटेल त्यांना."

पद्मावतीबाई पायरीवर बसल्या आणि पोट धरून हसल्या. अख्खी मिनीबस एका माणसाचं मन मोडू नये म्हणून निघाली होती. बोलावणारा रीत म्हणून बोलावतो, येणारे रीत म्हणून येतात, आणि जिला जायचंय तिला आराम करायला सांगतात. वा रे वा. पण दिलेलं बोलावणं हिम्मतराव मेले तरी मागं घेणार नव्हते, आणि बाकीचेही आपणहून नाही म्हणणार नव्हते. मग करायचं काय?

जेवायला वाढताना त्यांना सुचलं. हिम्मतरावांची सगळी नोकरी बांधकाम खात्यात गेली होती. मोरी असो की पूल, आधी पाहणी, मग काम.

"एवढी माणसं न्यायची," भात वाढत त्या सहज म्हणाल्या, "आणि वाट कशी आहे ते कुणीच बघितलं नाही. सिलिंडर कुठून नेणार?"

हिम्मतरावांचा घास हातातच राहिला. "पाहणी झाली नाही," ते म्हणाले. चेहरा एकदम पडला. "माझ्या लक्षात कसं आलं नाही?"

"उद्या करून या."

"हौ. केशवरावांना घ्यावं का?"

"पाहणीला वकील? खात्यात कधी नेला होता?"

"कधीच नाही." त्यांनी मान हलवली. "पण टेप धरायला माणूस लागतो."

"मी धरीन की."

आणि शुक्रवारी सकाळी, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, दोघंच निघाली. हिम्मतरावांच्या डोक्यावर जुनी टोपी, काखेत छत्री, खिशात टेप. पद्मावतीबाईंच्या पायात नवे बूट, पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. गावाशी गाडी सोडली आणि बांधावरून पाहणी सुरू झाली. बांधाची रुंदी मोजली. ओढ्यावरचा दगड हलवून बघितला. समोरून म्हशी घेऊन एक म्हातारबा आले, हिम्मतरावांचा चेहरा उजळला, तोंड उघडलं, "चल..."

"टेप धरा," पद्मावतीबाई म्हणाल्या, आणि एका सपाट दगडाची लांबी घेईपर्यंत म्हातारबा निघून गेले.

धबधबा व्हिडिओत होता तसाच होता. पाणी खळाळत पडत होतं आणि माणूस म्हणून कुणी नव्हतं. हिम्मतराव सुरुवातीला उताराबद्दल बोलले, मग दगडांबद्दल, मग एका जुन्या कंत्राटदाराबद्दल. पण पाण्याच्या आवाजात त्यांचं त्यांनाच ऐकू येईना, तेव्हा ते गप्प झाले. पँट वर दुमडून त्यांनी पाण्यात पाय सोडले. नवऱ्याला जागेपणी गप्प बसलेलं पद्मावतीबाई प्रथमच बघत होत्या. झोपेतही ते घोरायचे. त्यांना फार बरं वाटलं. बूट काढून त्याही शेजारी पाण्यात पाय सोडून बसल्या आणि त्यांनी दशम्यांचं फडकं सोडलं.

बऱ्याच वेळानं हिम्मतराव म्हणाले, "तुला अशी पाण्यात पाय सोडून बसलेली कधी बघितली नव्हती मी."

"कशी बघणार? मध्ये माणसं असायची."

हिम्मतराव बायकोच्या पायांकडे बघत राहिले.

तेवढ्यात खिशात मोबाइल वाजला. केशवरावांनी ग्रुपवर विचारलं होतं, "पाहणी कशी झाली? आम्ही सगळे वाट बघतोय." हिम्मतरावांनी चश्मा लावला आणि एका बोटानं लिहायला घेतलं. पद्मावतीबाईंनी तोंड धबधब्याकडे फिरवलं. काय लिहिणार ते त्यांना पाठ होतं. फार सुंदर आहे, सगळे चला. ठीक आहे, त्यांनी मनाशी म्हटलं, एक सकाळ मागितली होती, ती मिळाली.

"हे वाच जरा," हिम्मतरावांनी मोबाइल पुढं केला. "चुकलंय का काही?"

त्यांनी वाचलं. 'प्रत्यक्ष पाहणी केली. वाट धोक्याची. धबधब्याला पाणी नाही. कार्यक्रम रद्द करावा.'

वाचता वाचताच वरून तुषार आले आणि मोबाइल भिजला. हिम्मतरावांनी तो शर्टाच्या टोकानं पुसला आणि निरोप पाठवून दिला. उभ्या नोकरीत त्यांनी खोटा अहवाल दिला नव्हता, आणि हे मलकपेठेत कुणीही सांगेल.

भराभर उत्तरं आली. केशवरावांना अतिशय वाईट वाटलं. सत्यवतीगारूंना वाईट वाटलं. सुलभाबाईंना तर इतकं वाईट वाटलं, की त्याच निरोपात त्यांनी रविवारी दिरांकडे जेवायला जात असल्याचंही कळवून टाकलं.

"बिचारे," हिम्मतराव म्हणाले. मग चश्मा काढत म्हणाले, "खात्यात एका पाहणीवर कुणी भागवत नाही. रविवारी फेरपाहणी करावी लागेल."

"कोण कोण येणार?" पद्मावतीबाईंनी विचारलं.

हिम्मतरावांनी खिशातली टेप चाचपली. "टेप धरायला एकच माणूस लागतो," ते म्हणाले, आणि उरलेली दशमी त्यांनी बायकोच्या हातावर ठेवली.