दोन माणसांचा तंबू

आई गेली त्याला महिना झाल्यावर मी मल्लेश्वरीला विचारलं, "तुला काय पाहिजे ते माग." सहा वर्षं आई अंथरुणाला खिळून होती आणि तिचं सगळं हिनंच केलं. मला वाटलं, बांगड्या मागेल, फार तर श्रीशैलला जाऊ म्हणेल. ती भाकरी थापत होती. मान वर न करताच म्हणाली, "एक रात्र पाहिजे. मला कुणी ओळखत न्हाई अशा जागी. सकाळी उठून कुणाचा चहा टाकायचा न्हाई."

"मग हॉटेलात जाऊ की."

"हॉटेल न्हाई. पाण्याकाठी. तंबूत."

मोबाइलवर बघितलं असणार कुठंतरी. लग्नाला तेवीस वर्षं झाली, पण तिनं काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. माझं हुमनाबादला पंप-पाइपचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला बोअरमध्ये किती फूट पाइप लागेल ते मी झोपेतही सांगतो. पण बायकोला काय हवंय ते विचारायला मला तेवीस वर्षं लागली. असो. मी तंबू मागवला. खोक्यावर दोन माणसांचं चित्र होतं.

दुकानातल्या वहीच्या मागच्या पानावर मी नकाशा काढला. शनिवारी दुपारी निघायचं. पहिली रात्र चिंचोळीच्या जंगलात, चंद्रमपल्ली धरणाच्या काठी. रविवारी धबधबा. दुसरी रात्र कारंजा धरणाच्या काठी, सोमवारी दुकान. आमच्या भागात तंबू ठोकायचा तर अडचण बिबट्याची नसते, पाहुण्यांची असते. म्हणून बघायच्या जागा निळ्या पेनानं मांडल्या आणि नातेवाइकांची गावं लाल पेनानं. चिटगुप्प्यात मामा, चिंचोळीत मल्लेश्वरीची मावशी. मामा जेवून आडवे होतात त्या वेळेला चिटगुप्पा ओलांडायचं ठरलं. मोठी बहीण गंगम्मा मुडबीला, ती वाटेतच नव्हती. मी खूश होतो.

वनखात्याच्या माणसाला परवानगीसाठी फोन केला. त्यानं विचारलं, "किती जण?"

"दोन," मी म्हणालो. म्हणताना माझं मलाच नवल वाटलं. आम्ही दोघंच असे कुठं गेलोच नव्हतो.

बुधवारी सराव म्हणून तंबू बाहेरच्या खोलीत उभा केला. मल्लेश्वरी आत जाऊन बसली आणि तिनं आतून चेन ओढली. मग म्हणाली, "कुणाचाच आवाज येत न्हाई बघा." खरं तर बाहेर मिक्सरवाला ओरडत होता. मी हसलो, तीही आत हसत होती.

तेवढ्यात चुलतभाऊ सिद्धलिंग दारात आला. तंबू बघितला, चहा प्याला, गेला. संध्याकाळी मुडबीहून फोन.

"प्रशांता, तंबूत झोपायला जायलास म्हणं? बहिणीचं घर पडलंय व्हय?"

"अक्का, तसं न्हाई गं..."

"मग कसं? आमच्या रानात विहीर हाय, तिथं ठोक तुझा तंबू. वेळा अमावस्येला रानात जेवतोच की सगळे. त्यात काय नवं?" मग तिचा आवाज खाली आला. "कामून रे, आई होती तवर मला माहेर होतं. आता न्हाई का?"

"येतो की अक्का," मी म्हणालो. पहिली रात्र मुडबी, दुसरी चंद्रमपल्ली. एक रात्र तरी वाचली, असं मी स्वतःला समजावलं.

मल्लेश्वरीला सांगितलं. तिनं बांधलेली पिशवी उघडली, त्यातल्या दोन ताटल्या आणि दोन पेले काढून मांडणीवर परत ठेवले. "तिथं ताटं हायत," एवढंच म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी सकाळीच निघून मुडबीला पोचलो तेव्हा रानात चौदा माणसं होती. सोयाबीन निघालेल्या जागेवर अक्कानं दगड वेचून, पाणी मारून तंबूसाठी जागा केली होती. तिच्या मायेत खोट नव्हती. दाजी मडिवाळप्पा हसत म्हणाले, "बिगरतिथीची वेळा अमावस्याच ही!" पोरं चपला घालून तंबूत घुसली. मल्लेश्वरी गाडीतून उतरली ती थेट शेडमधल्या चुलीपाशी बसली. वेळा अमावस्येला ती दर वर्षी पहाटे तीनला उठून जिथं बसते, तिथंच.

जेवताना अक्का म्हणाली, "उद्या कुठं जायचं न्हाई. उद्या पुरणाची होळगी करायली मी."

सगळे माझ्याकडं बघत होते. मल्लेश्वरी वाढत होती, ती बघत नव्हती.

"बरं," मी म्हणालो. माझी मलाच शिसारी आली.

जेवणं आटोपली. भांडी घासून झाल्यावर मल्लेश्वरीनं पोरांना बाहेर काढलं, आत गेली आणि चेन ओढली. मी लिंबाखाली बसून त्या तंबूकडं बघत राहिलो. रात्र नाही तर नाही, दुपार तरी तिची होऊ दे, एवढंच मनात होतं.

अर्धा तासही झाला नसेल. करजगीहून अक्काच्या लेकीच्या सासरची मंडळी जीप घेऊन आली, बरोबर त्यांचे गुरू गुरुपादय्या स्वामी. अक्काची धांदल उडाली. "प्रशांता, मल्लीला उठव. स्वामी आलेत, पाया पडू दे. अन् चहा टाक म्हण तिला, माझे हात पिठात हायत."

मी तंबूपाशी गेलो. काय म्हणायचं ते मला ठाऊक होतं. मागं वळून म्हणायचं, ती झोपलीय, चहा मी टाकतो. जीभ जड होण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. चहा मला येतो, दुकानात रोज करतो. मागं सगळी माणसं उभी होती. मी चेनवर हात ठेवला.

"मल्लेश्वरी, पाहुणे आलेत."

आत काहीच हललं नाही. उठू नकोस, मी मनात म्हणत होतो, या एका वेळेला माझं ऐकू नकोस. मग चेन आतून हळूहळू उघडली. ती बाहेर आली. केस बांधले, पदर डोक्यावर घेतला, चपला शोधल्या. रागावलेली नव्हती.

"किती जण हायत?" तिनं विचारलं.

"नऊ," मी म्हणालो.